चाविनचे शंख चाविनचेच

पेरूमधील चाविन दे हुआंतारच्या प्राचीन मंदिरात सापडलेले वीस शंख भारतातून गेले, ते फुंकण्याची रीत आपणच शिकवली आणि तिथला उभा पाषाण म्हणजे शिवलिंग, असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यात शंख सापडले एवढेच खरे आहे. २००१ साली पुरातत्त्वज्ञ जॉन रिक यांच्या चमूला ते तिथल्या एका भूमिगत दालनात मिळाले.

ते भारतातले असूच शकत नाहीत. आपल्या देवघरातला शंख ज्या गोगलगायीचा असतो ती हिंदी महासागरात राहते, तर चाविनचे शंख स्ट्रॉम्बस गॅलिएटस या निराळ्या कुळातल्या प्राण्याचे आहेत आणि तो अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या उबदार पाण्यातच सापडतो. तिथून हे जड शंख सुमारे ३,१८० मीटर उंचीवरच्या दरीत माणसांनी वाहून आणले.

फुंकण्याच्या रीतीचे म्हणाल, तर शंखाचे टोक कापून भोकाशी ओठ थरथरवले की नाद निघतो आणि हे कोणत्याही किनाऱ्यावरच्या माणसाला उमगू शकते. फ्रान्समधील मार्सूला गुहेतला फुंकायचा शंख सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा आहे. तोही आपणच पाठवला म्हणायचे का?

शिवलिंगाचा दावा तर तो पाषाण नीट पाहिला तरी टिकत नाही. लांझोन नावाचा हा साडेचार मीटर उंचीचा ग्रॅनाइट चिंचोळ्या, अंधाऱ्या दालनात उभा आहे आणि त्यावर सुळे दाखवणारी, केसांच्या जागी साप असलेली, एक हात वर व एक खाली धरलेली देवता कोरलेली आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की या मजकुरापायी चाविनच्या लोकांची खरी करामत झाकली जाते. त्यांनी शंखांवर नक्षी कोरली, कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडली आणि ते इतके हाताळले की पृष्ठभाग जागोजागी झिजून गुळगुळीत झाला. बाहेरच्या वर्तुळाकार चौकातल्या शिलापट्टांवर शंख फुंकणाऱ्या आकृतीही आहेत. लांझोनच्या दालनातून त्या चौकाकडे दगडी झरोके जातात. प्राचीन वास्तूंमधील ध्वनीच्या अभ्यासक मिरियम कोलार यांनी ध्वनीची मोजणी केली तेव्हा शंखांच्या स्वरांच्या पट्ट्यातले आवाज या झरोक्यांतून विशेष चांगले वाहतात, असे आढळले. अँडीजमधल्या गावांत हे वाद्य आजही वाजते आणि तिथले लोक त्याला पुतुतू म्हणतात.