ही पॉलिसी कोणी काढली?

31 वर्षं झाली मला विमा विकताना. इंदूरच्या सुदामा नगरात मी स्कूटर काढली की चौकातले अर्धे लोक मोबाईल कानाला लावतात, फोन कोणाचाच आलेला नसतो हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. जे सापडतात ते म्हणतात, "पापा से पूछके बताता हूँ अंकल", यातल्या एकदोघांचे पापा तर कधीच वारलेत, क्लेम मीच काढून दिलाय. तर लोकांच्या गळ्यात पॉलिसी मारणं हा आपला धंदा. एक दिवस माझ्याच गळ्यात कोणी पॉलिसी मारेल आणि मला ती सरेंडर पण करता येणार नाही, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला बसवून चहा पाजला असता आणि एक टर्म प्लॅन दाखवला असता.

झालं काय, एका पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, केवायसी पाठवायचं होतं. पार्टीने आधार, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान असे तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, त्यात पासबुकाचा फोटो नाश्ता करता करता काढलेला, शेजारी पोह्यांची प्लेट आणि अकाउंट नंबरवर जिरावण सांडलेलं. वर ऑफिसला तिन्हीची मिळून एक पीडीएफ पाहिजे. हे काम माझी मुलगी दोन मिनिटांत करते, पण ती सासरी नागपूरला, आणि विचारलं की "बाबा, किती वेळा सांगितलं" इथून सुरुवात होते. म्हटलं आज आपणच करू. शोधलं, एक साइट उघडली, तिच्यावर डाऊनलोडची चार हिरवी बटणं, त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं, कारण एवढं मोठं आहे म्हणजे खरं तेच असणार. मग नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश. वाचलं का? अहो, 31 वर्षं मी लोकांना "इथे सही, इथे सही, आणि मागच्या पानावर इथे" एवढंच सांगत आलोय, मी कशाला वाचतोय. शेवटी एक पान आलं, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा. मी रोबो नाही. दाबलं.

पीडीएफ काही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी हिने मोदकाच्या पाकळ्या फाटू नयेत म्हणून काय करावं ते शोधलं तर भलतंच एक पान उघडलं, वर कुठल्यातरी घुबडाचं चित्र, खाली आधी टक्कल घालवायचं तेल, मग घरबसल्या डॉलर कमवा, मग गुडघेदुखी, आणि मोदक पार खाली. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन आला, तुमच्या कम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत, ताबडतोब इथे दाबा. ही बाहेर येऊन म्हणाली, "अहो, काय करून ठेवलंत याला?" आमच्या घरात काही बिघडलं की "काय झालं" असं कोणी विचारत नाही.

म्हटलं यात काय, काढून टाकू. ब्राउझरच्या वरच्या तीन टिंबांत गेलो, एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम), मॅनेज एक्स्टेन्शन्स. तिथे एकेकाचे चौकोन असतात आणि प्रत्येकात रिमूव्हचं बटण असतं, मुलीने टाकून दिलेलं एक जाहिराती अडवायचं होतं त्यातही होतं. घुबडाच्या चौकोनात नव्हतं. चालू-बंद करायचा खटका होता तो राखाडी, दाबला तर हलत नाही. खाली बारीक अक्षरात, हे तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बसवलंय. आणि तीन टिंबांच्या यादीत एकदम तळाला एक नवीन ओळ, मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन.

आता माझी कसली ऑर्गनायझेशन? एजंट माणूस मी, कमिशनवर. घरात ऑर्गनायझेशन म्हणावी अशी एकच, ती तेव्हा फोडणी देत होती. जाऊन विचारलं, हा ब्राउझर तू मॅनेज करतेस का. ती म्हणाली, "मी करत असते तर ही वेळ आली असती?"

मग मी जे केलं ते कोणाला सांगायचं नव्हतं, पण आता लिहायलाच बसलोय तर सांगतो. घुबड कसं काढायचं ते मी घुबडालाच विचारलं. म्हणजे त्याच ब्राउझरमध्ये, त्याच घुबडाच्या सर्चमध्ये टाइप केलं. त्याने अगदी आपुलकीने पहिल्या नंबरवर एक फुकट रिमूव्हर दाखवला, पाच स्टार. टाकला. अर्ध्या तासात एकाची दोन झाली, आणि दुसरं आलं ते पहिल्याला एका शब्दाने बोललं नाही.

त्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. 2017 पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, आमच्याकडे कचऱ्याचे सहा प्रकार, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, ई-कचरा सुद्धा वेगळा, ही तर पुण्याला नणंदेकडे गेली तरी चहाचा चोथा हातात घेऊन उभी राहते की ओला डबा कुठला. आणि अशा घरात कम्प्युटरमध्ये घुबड.

क्रोमच काढून टाकलं मग. पूर्ण, कंट्रोल पॅनेलमधून. रीस्टार्ट केलं, पुन्हा टाकलं, लॉगिन केलं, आणि दोघं हजर. रिमूव्हर आणि घुबड, जोडीने, सत्यनारायणाला बसल्यासारखे.

तेव्हा सीपीयू स्कूटरच्या पायदानावर ठेवला आणि जेल रोड गाठला. दुकानाचं नाव नको. पोराने सीपीयूला हात पण लावला नाही, नुसतं ऐकलं आणि म्हणाला, "अंकल, फॉर्मेट मारना पड़ेगा." मी म्हटलं, भिया, देख तो ले एक बार. "देखना क्या है, फॉर्मेट." फोटोंचं विचारलं तर म्हणाला बॅकअपचे वेगळे लागतील, आणि वर, "थोड़ा बहुत तो जाएगा ही." त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो आणि माझी सगळी पार्टी-लिस्ट, कोणाचा हप्ता कधी, कोणाचा वाढदिवस कधी. सीपीयू तसाच परत आणला, वाटेत राजवाड्यापाशी जॅममध्ये अडकलो.

रविवारी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीत हेच काम करतो. आमची इंदूरची मराठी ऐकून त्याला हसू येतं ("मामा, 'करून राहिलो' म्हणजे काय रे?"), पण मुलगा गुणी आहे.

"मामा, फोन स्क्रीनकडे धर. मला पंखा दिसतोय."

धरला.

"आता वर पत्त्याच्या जागी टाइप कर, क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी."

"काय?"

"पॉलिसी."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण टाइप केलं तर खरंच पान उघडलं आणि त्यावर चक्क पॉलिसीचं शेड्यूल! पॉलिसीचं नाव, तिची व्हॅल्यू, कोणाला लागू तर मशीन, लेव्हल मॅन्डेटरी, स्टेटस ओके. एवढा स्वच्छ कागद आमच्या ऑफिसातनं पण येत नाही, नॉमिनीचा कॉलम तेवढा नव्हता. नाव होतं एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्स लिस्ट. फोर्स! म्हणजे यांनी निदान लिहून तरी दिलंय, आम्ही तेवढंही लिहीत नाही.

भाच्याने सांगितलं की ही सोय मुळात कंपन्यांसाठी आहे. हजार कम्प्युटर असले तर एकेकापाशी जाऊन कोण बसवणार, म्हणून वरून एक पॉलिसी लावायची की हे एक्स्टेन्शन सगळ्यांकडे बसेल आणि कामगाराला काढता येणार नाही. त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर पण तीच मॅनेज्डची ओळ आहे आणि तिथे ती बरोबर आहे. घुबडवाल्यांनी काय केलं, त्या हिरव्या बटणातून आलेल्या फाइलने माझ्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या वहीत, तसलीच नोंद करून ठेवली, मग बिचाऱ्या क्रोमला वाटणार की कोणीतरी साहेब आहे. क्रोम काढलं तरी नोंद जागेवरच, म्हणून नव्या क्रोमने आल्या आल्या साहेबाचा हुकूम पाळला. आणि रिमूव्हर? "तो तू स्वतः टाकलास, मामा. लॉगिन केलंस तेव्हा तुझ्या खात्यात जपून ठेवलेला तो सिंकने परत आणून दिला." त्याला मात्र रिमूव्हचं बटण होतं. इतके दिवस होतं. मी घुबडाकडेच बघत होतो.

"याला परवानगी कसली दिलीयस ते वाच," भाचा म्हणाला. वाचलं. सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. सगळ्या म्हणजे बँक पण. तो म्हणाला पासवर्ड बदल, आणि आत्ता नाही, साफ झाल्यावर, किंवा फोनवरून. इथे मात्र माझ्या पोटात खड्डा पडला, कारण त्याच ब्राउझरमध्ये पार्ट्यांचे हप्ते भरतो मी.

मग रजिस्ट्री. हे काय प्रकरण आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही, डावीकडे पिवळी फोल्डरं, एकात एक, एकात एक, उघडतच जायचं. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. "मामा, तू आता मी सांगेन तेच दाब. दुसरं काही उडवलंस तर विंडोजच उठणार नाही." आधी त्या फोल्डरची एक कॉपी एक्स्पोर्ट करून घेतली, मग आत शिरलो, तिथे नंबर 1 च्या पुढे एक लांबलचक अक्षरांची माळ. भाचा म्हणाला हा एक्स्टेन्शनचा आयडी, 32 अक्षरं असतात आणि सगळी ए ते पी मधलीच. मी मोजली. खरंच 32, आणि पीच्या पुढचं एक नाही. पॉलिसी नंबर पाहिला की वहीत उतरवायची हाताला सवय, तो पण उतरवला.

डिलीट केलं. क्रोम उघडलं, घुबड नाही! हिला हाक मारली, ही येऊन बघते तो मी रीस्टार्ट केलेलं, आणि घुबड परत.

"अहो, हेच दाखवायला बोलावलंत?"

भाचा जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला टास्क शेड्यूलर उघड. तिथे एक काम लावलेलं होतं, नाव एकदम सभ्य, काहीतरी अपडेट म्हणून, पण करायचं काय तर तुम्ही लॉगिन केलंत की लपवलेली एक छोटी फाइल चालवायची आणि ती नोंद रजिस्ट्रीत परत लिहून टाकायची. मला हे लगेच कळलं, भाच्याला आश्चर्य वाटलं. अरे, हे तर ऑटो-डेबिट! पार्टी येऊन शाखेत भांडून जाते की पॉलिसी बंद करा, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून हप्ता गेलेलाच असतो, कारण मँडेट, बँकेला हप्ता कापायची दिलेली परवानगी, कोणी काढलेलाच नाही. आधी मँडेट काढायचा. भाचा म्हणाला, "एक्झॅक्टली मामा", आणि माझी छाती जरा फुगली.

आमच्या धंद्यात निदान फ्री-लुक तरी असतो, आता 30 दिवसांचा झालाय, कागद हातात आल्यावर नाही पटलं तर परत करा. पूर्वीच्या पॉलिस्यांना तीन वर्षं हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यूच नसायची, आणि तीन वर्षांच्या आत कोणी परत करायला आला तर मी काय काय सांगून त्याला परत पाठवायचो ते मला त्या दिवशी त्या पिवळ्या फोल्डरांसमोर बसून एकेक आठवत होतं. विशेषतः रामबागेतले एक गुरुजी. असो.

टास्क उडवलं. मग ती फाइल शोधून उडवली. मग रजिस्ट्रीतली नोंद. याच क्रमाने, उलटं केलं की परत उगवतं. नोटिफिकेशनच्या यादीत त्या रोबोवाल्या साइटची परवानगी काढली, तेव्हा ते 5 व्हायरस गेले, ते व्हायरस नव्हतेच, मीच आत घेतलेली जाहिरात होती. विंडोजच्याच डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं आणि तोवर जेवून घेतलं. जेवण झाल्यावर पॉलिसीचं पान उघडून रीलोडचं बटण दाबलं. पान कोरं. नो पॉलिसीज सेट.

31 वर्षांत हे वाक्य वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला.

एवढं होईतो पार्टीचे तीन फोन. केवायसी राहिलंच होतं. हिरव्या बटणाकडे आता हात जाईना, म्हणून फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीवाल्याकडे गेलो. पोरगा नवीन होता, वीस-एकवीसचा, कानात हेडफोन. त्याने पेन ड्राइव्ह लावला, दोन मिनिटांत पीडीएफ झाली सुद्धा, 10 रुपये. मेल करायला त्याने ब्राउझर उघडला आणि मी चष्मा खाली केला. वर घुबड.

मी काउंटरवर जरा पुढे वाकलो, आवाज हळू ठेवला, उगाच घाबरायला नको मुलगा.

"बेटा, आपके कम्प्यूटर में एक पॉलिसी है, पता है?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या पेनाकडे, मग काखेतल्या बॅगेकडे, आणि मोबाईल उचलून कानाला लावला.

"नहीं अंकल," तो म्हणाला, "पापा से पूछके बताता हूँ."