श्रीलंका चीनने गिळली? थोडा हिशेब मांडू

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. गेल्या तीन वर्षांत चौथ्यांदा तरी. मजकूर तोच, इमोजी तेवढे नवे. म्हणे चीनने कर्जात अडकवून श्रीलंका गिळली, हंबनटोटा बंदर विकत घेतलं, उरलंसुरलं फुकट वाटपाने संपलं, आणि आता तो भिकारी देश चीनच्या खिशात आहे. पाठवणारे काका बँकेतून निवृत्त झालेत, तेव्हा उत्तरही खातेवहीतूनच देतो.

आधी कर्ज. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी हप्ते थांबवले, तेव्हा सरकारच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता, चिनी सरकारी बँकांची कर्जं धरूनसुद्धा. डॉलरमधल्या रोख्यांचा वाटा होता सुमारे एक तृतीयांश. हे रोखे 2007 पासून जागतिक बाजारात विकले गेले, घेणारे मुख्यतः पाश्चात्त्य फंड. काकांनी अशी खाती पाहिली असतील: मधे फक्त व्याज, मुद्दल शेवटी एकरकमी, आणि ते फेडायला नवीन कर्ज. नवीन कर्ज मिळेनासं झालं की खातं बुडीत.

मग ते का मिळेनासं झालं? इथे कोणा परदेशी माणसाचा हात नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि लगेच व्हॅट 15 टक्क्यांवरून 8 वर आणला, आणखीही कर काढून टाकले. जीडीपीच्या 12 टक्क्यांच्या आसपास असलेला करमहसूल 8 च्या घरात आला. वर कोविड. 2019 च्या ईस्टरला झालेल्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन आधीच लंगडं झालं होतं. 2020 मध्ये पतमानांकन घसरलं, बाजाराने दार लावलं. त्यावर कडी म्हणजे 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी! भाताचं पीक पडलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि त्यासाठी डॉलर लागले. नोव्हेंबरपर्यंत बंदी गुंडाळावी लागली.

म्हणजे ‘फुकट वाटप’ म्हणायचंच असेल, तर ती करसवलत होती. मोफत शिक्षण तिथे 1940 च्या दशकापासून आहे, त्याने देश बुडायचा तर केव्हाच बुडाला असता.

हंबनटोटाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. पहिल्या टप्प्याचं चिनी कर्ज 6.3 टक्के व्याजाचं, म्हणजे महागच. शेजारचा मत्तला विमानतळ आजही ओस. पण बंदर विकलेलं नाही: 2017 मध्ये चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, 112 कोटी डॉलरला. त्या पैशातून चीनचं कर्ज फिटलं असंही नाही. पैसे परकीय गंगाजळीत गेले, आणि बंदराचं कर्ज सरकारी खात्यावर तसंच राहिलं. सापळा लावणाऱ्याने रोख मोजावी, हे जरा विचित्रच.

‘भिकारी’ या शब्दाचा मला राग येतो. हाल झाले, खोटं नाही. 2022 मध्ये चारातला एक माणूस गरिबीत होता, पेट्रोलच्या रांगा आपण टीव्हीवर पाहिल्या. पण त्यानंतरही, 2023 मध्ये, तिथलं दरडोई उत्पन्न 3,800 डॉलरच्या आसपास होतं आणि आपलं 2,500 च्या.

राहिला चीनचा खिसा. 2022 मध्ये सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत दिली ती भारताने. कोलंबोच्या वेस्ट कंटेनर टर्मिनलमध्ये 51 टक्के अदानींचे, ते एप्रिल 2025 मध्ये सुरू झालं. मी बॅलार्ड इस्टेटमध्ये शिपिंगच्या कामात आहे, तिथे याची चर्चा महिनाभर चालली. भारताच्या ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे वाटेत एका जहाजावरून दुसऱ्यावर चढणाऱ्या मालाचा, मोठा भाग कोलंबोतून जातो, म्हणून. आणि जून 2025 मध्ये कोलंबो डॉकयार्डमधला नियंत्रक हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं ते आपल्या माझगाव डॉकने. काका, डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाता येतं तिथे.