‘गंग-हो’ म्हणजे सहकार्य करणारा? नाही

गेला आठवडाभर बडोद्यातल्या आमच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. ‘गंग-हो’ हे इंग्रजी विशेषण प्राचीन चिनी रणघोषातून आले. त्याचा अर्थ ‘एकत्र काम करा’. म्हणून मिळूनमिसळून काम करणाऱ्याला गंग-हो म्हणावे. शेवटी एक शेपूट: सहकाराची कल्पना आपल्याकडे बाहेरून, सरकारी कायद्याने आली.

मी दांडिया बाजारात इंग्रजीच्या शिकवण्या घेते. एरवी असले काही मी वाचून पुढे जाते. पण परवा भाचा नोकरीचा अर्ज दाखवायला आला आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात होते, ‘आय अॅम अ गंग-हो पर्सन’. म्हणाला, “मावशी, टीममध्ये चांगलं काम करतो असं सांगायचंय. सगळे हाच शब्द सांगतायत.” तेव्हा मात्र गप्प बसवेना.

आधी ‘प्राचीन’चे बघू. हा शब्द 1938 सालचा आहे. 1937 मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला, शांघायसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांतले कारखाने गेले. तेव्हा न्यूझीलंडचे रीवी अॅली, अमेरिकी पत्रकार एडगर स्नो, हेलन फॉस्टर स्नो आणि त्यांचे चिनी सहकारी यांनी देशाच्या आतल्या भागात कामगारांच्या मालकीचे छोटे कारखाने उभे करायची चळवळ काढली. सैन्यासाठी ब्लँकेटे विणण्यासारखी कामे तिथे होत. संस्थेचे चिनी नाव लांबलचक: कुंग-ये ह-त्स्वो-श. कुंग-ये म्हणजे उद्योग, ह-त्स्वो म्हणजे सहकार, श म्हणजे मंडळी. औद्योगिक सहकारी मंडळी! यातले ‘कुंग’ आणि ‘ह’ उचलून झाले ‘कुंग-ह’, आणि चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याच्या जुन्या पद्धतीतून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘गंग-हो’. रणघोष नाही, पाटीवरचे छोटे नाव.

म्हणूनच ‘एकत्र काम करा’ हा अर्थही सरळ नाही. सुटी अक्षरे घेतली तर एक ‘काम’ आणि दुसरे ‘जुळणे’ सांगते, हे खरे. पण ते वाक्य नव्हे. महाराष्ट्र साहित्य परिषदेला आपण ‘मसाप’ म्हणतो. उद्या कुणी त्यातली अक्षरे फोडून ‘मसाप’चा अर्थ लावायला बसला तर आपण त्याला थांबवूच ना?

मात्र हा अर्थ व्हॉट्सअॅपवर जन्मला नाही, एवढे मान्य करायला हवे. तो एव्हान्स कार्लसन या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने दिला. चीनमध्ये त्याने ही चळवळ पाहिली होती, अॅलींशी त्याची ओळख होती. 1942 मध्ये त्याच्याकडे मरीन रेडर्सची, म्हणजे छापे घालणाऱ्या मरीन जवानांची, दुसरी तुकडी आली, तेव्हा त्याने ‘गंग-हो’ हेच तिचे ब्रीद केले. तो बैठका घेई, त्यांत साधा शिपाईही अधिकाऱ्यासमोर मोकळेपणाने बोलू शके. त्याच्या मनात त्या शब्दाचा अर्थ खरोखर सहकार्य हाच होता. मला हा माणूस फार आवडतो.

पण शब्द तिथे थांबला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या तुकडीने प्रशांत महासागरातल्या माकिन बेटावर छापा घातला, 1943 मध्ये ‘गंग-हो’ याच नावाचा युद्धपट आला. लोकांना दिसला तो त्या जवानांचा जोश. बैठका कुणाला दिसणार? हळूहळू इंग्रजीत शब्दाला जोशच चिकटला, आणि पुढे अतिजोश. भाषेचे अभ्यासक अल्बर्ट मो यांनी 1967 मध्ये या शब्दाचा अभ्यास छापला, त्यांचाही निष्कर्ष हाच की अमेरिकी अर्थांचा मूळ चिनी अर्थाशी काही संबंध उरलेला नाही.

भाच्याला मी एक वाक्य दिले: ‘शी वॉजन्ट गंग-हो अबाउट द प्लॅन’. तिने सहकार्य केले नाही, असा याचा अर्थ होत नाही. तिला त्या बेताचा फारसा उत्साह नव्हता, एवढेच. सहकार्य तिने कदाचित पुरेपूर केले असेल. आणि ‘गंग-हो’ अधिकारी म्हटले तर ऐकणाऱ्याला मागचापुढचा विचार न करता उडी घेणारा माणूस दिसतो. नोकरी देणाऱ्यापुढे आपली अशी ओळख करून द्यायची?

आता ते शेपूट, ज्याने मला जास्त दुखावले. हे बडोद्यात बसून कुणी कसे लिहू शकते! इंग्रजांचा सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा. त्याच्या 15 वर्षे आधी, 1889 मध्ये, सयाजीरावांच्या याच शहरात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांत तिचे नाव घेतात. ‘अन्योन्य’ म्हणजे एकमेकांचे, एकमेकांसाठी. चिनी संस्थेच्या नावातली ‘सहकारी मंडळी’ आमच्या गावात त्यांच्या 49 वर्षे आधी होती, आणि नाव मराठी माणसाला फोड न करता कळणारे.

भाच्याने ते वाक्य खोडले. ‘को-ऑपरेटिव्ह’ लिहू का, असे विचारले. मी म्हटले, लिही, पण त्याखाली गणपतीत सात घरांची वर्गणी आणि हिशेब तिघांनी मिळून कसा सांभाळलात, तेही दोन ओळींत लिही. त्याला पाऊण तास लागला.