"हिरव्यागार झाडाला रोगी ठरवले" या अभिप्रायावर प्रयोगशाळेचे उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन आपण लिहिले आहे, की जंबेरी खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाचा मुळाकडचा भाग) आपली लिंबूवर्गीय मातृवृक्षे, म्हणजे कलमासाठी डोळे (कळ्या) घेण्याची झाडे, हिरवीगार आहेत, स्ट्रिपवर आपण केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तरी आम्ही एक्झोकॉर्टिस व्हायरॉइड (खुंटाची साल तडकवणारा, विषाणूहूनही साधा रोगकारक) पॉझिटिव्ह दिला. शिवाय दुसऱ्यांदा नमुना मागून वेळ घालवला आणि चांगली झाडे तोडायला लावली. अहवाल आम्ही बदलणार नाही. कारणे इथेच देतो, कारण हा प्रश्न इतर रोपवाटिकावाल्यांनाही पडतो.

स्ट्रिप विषाणूचे प्रथिन ओळखते. व्हायरॉइडकडे प्रथिनच नसते. सुमारे 371 न्यूक्लिओटाइडांचा, कवच नसलेला, गोलाकार आरएनए, एवढाच त्याचा संसार. म्हणजे आपली स्ट्रिप दुसऱ्या कुठल्या तरी रोगाची, बहुधा ट्रिस्टेझा या विषाणूजन्य रोगाची, असणार. तिचा निकाल बरोबरही असेल, पण आमच्या निकालाला तो छेद देत नाही. व्हायरॉइड शोधायचा तर आरएनए वेगळा काढून आरटी-पीसीआरसारखी (आरएनएची डीएनए प्रत करून ती अनेकपट वाढवून ओळखणारी) चाचणीच करावी लागते.

आता हिरवेपणा. जंबेरी हा व्हायरॉइड निमूट सोसते, झाडावर काही दिसत नाही. त्याच झाडाचा डोळा ट्रायफोलिएट, सिट्रेंज किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर भरा. काही वर्षांत खुंटाची साल तडकून सुटायला लागते आणि झाड खुजे राहते. तोवर रोपे विकली गेलेली असतात. मातृवृक्ष दिसायला कसा आहे यावर विसंबता येत नाही, म्हणून तर तपासणी.

दुसरा नमुना आम्ही मागितला, हे खरे. पहिला थंडीतला होता आणि त्यात पीसीआरच्या निकालातली पट्टी (रेघ) पुसट आली. व्हायरॉइड उष्ण हवेत जोमाने वाढतो, शिवाय झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. लिंबूवर्गीय पानांतली फिनॉलिक द्रव्येही पीसीआर अडवतात. पण झाडाच्या स्वतःच्या आरएनएची नियंत्रण चाचणी व्यवस्थित आली होती, म्हणजे अडचण तिथे नव्हती. पुसट पट्टीवर कोणाचा मातृवृक्ष बाद करणे आम्हाला पटत नाही. उन्हाळ्यात चारही बाजूंच्या फांद्यांवरून घेतलेल्या नमुन्याने शंका उरली नाही.

झाडे तोडा, असे मात्र आम्ही कुठेही लिहिलेले नाही. "डोळकाडी घेऊ नये", म्हणजे डोळे भरण्यासाठी फांदी कापू नये, एवढेच लिहिले आहे. फळांसाठी ती खुशाल ठेवा. त्यांची कात्री-चाकू वेगळे ठेवा, वापरानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या ताज्या, 1 टक्का द्रावणात बुडवून धुवा. स्पिरिट लावून किंवा ज्योतीवर धरून भागत नाही. जात टिकवायची असेल तर शेंड्याच्या सूक्ष्म कलमाने (शेंड्याचा अगदी बारीक तुकडा स्वच्छ रोपावर भरून) स्वच्छ रोप मिळू शकते. उष्णता देऊन विषाणू काढण्याची पद्धत इथे चालत नाही.

तरीही खात्री करायची असेल, तर काढून ठेवलेल्या आरएनएचा उरलेला भाग आम्ही आपल्या पसंतीच्या प्रयोगशाळेला देऊ. चाचणी मात्र आरटी-पीसीआरच सांगा.