जोत्याचे दगड हलवू नका

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर दादाने एक व्हिडिओ टाकला. संगणकावर उभा केलेला रायगड होता. राजसदरेवर छप्पर, राणीवशाला सज्जे, बाजारपेठेत दिवे. बघताना माझ्याही अंगावर काटा आला. खाली दादाने लिहिलं होतं, "तुमच्या जपानने युद्धात जळालेले किल्ले पुन्हा उभे केले. मग रायगडावरचे वाडे आपण का बांधू नयेत?" 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून आमच्याकडे हा विषय सारखा निघतो. मी जपानमध्ये ओकायामात राहते, इथल्या किल्ल्यापासून सायकलने दहा मिनिटांवर. तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं.

ओकायामाचं नाव पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे ठाऊक आहे. ते ज्या बागेवरून बेतलं ती कोराकुएन इथे आसाही नदीपाशी, किल्ल्यासमोर आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये ती करायला घेतली आणि 1700 मध्ये ती पुरी झाली. 1934 च्या पुरात बागेची नासधूस झाली आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यात इमारती जळाल्या. आज तिथे गेलात तर यातलं काही जाणवत नाही, कारण बागेची जुनी चित्रं सरदारांच्या घराण्याने जपून ठेवली होती. तळं कुठे, ओढा कुठून वळतो, चहाचे मळे कोणत्या अंगाला, सगळं त्यांत होतं. त्या चित्रांबरहुकूम बाग पुन्हा लावली. र्‍यूतेन नावाचा एक लहानसा मंडप मात्र युद्धातूनही वाचला. त्याच्या मधून पाणी वाहतं. उन्हाळ्यात मी तिथे पाण्यात पाय सोडून बसते, तेव्हा हे लाकूड खरं आहे, या जाणिवेनेच मन भरून येतं.

नदीपलीकडच्या किल्ल्याची गोष्ट वेगळी आहे. 1597 चा काळा लाकडी बुरूजवाडा, म्हणजे किल्ल्यातली मुख्य उंच इमारत, 29 जून 1945 च्या पहाटे जळाला. 1966 मध्ये त्याच जागी तो काँक्रीटमध्ये बांधला. आत लिफ्ट आहे, चिलखतं आहेत, मुलं खूश असतात. पण नव्या इमारतीसाठी जुन्या वास्तूचे पायाचे दगड उचलावे लागले. ते शेजारच्या मोकळ्या जागेत, जसे होते त्याच क्रमाने मांडून ठेवलेत. लाकडी खांब ज्यांच्यावर साडेतीनशे वर्षं उभे होते ते हेच दगड. पर्यटक त्यांच्या बाजूने निघून जातात. मी पहिल्यांदा पाटी वाचली आणि दादा, तिथेच थबकले. मला रायगडावरची जोती आठवली.

रायगडावर आपल्याकडे उरलंय काय? जोती, पायऱ्या, तट, हौद, जगदीश्वराचं मंदिर आणि पायरीवरचं हिरोजी इंदुलकरांचं नाव. 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वाडे पेटले. ते कसे दिसत होते याचं त्या काळातलं एकही बारकाईचं चित्र माझ्या पाहण्यात नाही. मजले किती, सज्जा कसा, खांबावरची नक्षी कोणती, हे आपण ठरवणार कशावरून? बांधू ते आपल्या मनातलं असेल, आणि त्याच्या ओझ्याखाली महाराजांच्या काळातले दगड जातील.

शिवाय जपानने सगळं पुन्हा बांधलं, हेही खरं नाही. तोक्योच्या राजवाड्याच्या पूर्वेकडच्या बागेत एदो किल्ल्याच्या मुख्य बुरुजवाड्याचा दगडी चौथरा आहे, आणि वर काहीच नाही. 1657 च्या आगीत तो वाडा जळाला. तेव्हा राज्यकारभार पाहणाऱ्या होशिना मासायुकी यांनी सल्ला दिला की आधी जळालेलं शहर सावरू. तो चौथरा आजही मोकळा आहे. जवळच एका दालनात वाड्याची प्रतिकृती ठेवली आहे, ती बघून लोक चौथऱ्यावर चढतात. नागोयात तर युद्धापूर्वीची मोजमापं, नकाशे, छायाचित्रं सगळं हाताशी आहे. तिथला 1959 चा काँक्रीटचा किल्ला 2018 पासून बंद ठेवलाय, कारण तो पाडून लाकडाचा बांधायचा आहे. पण लिफ्ट ठेवायची की नाही यावर शहर आणि अपंगांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडताहेत. पुरावा असतानाही एवढं अवघड जातं.

दादाचं एक म्हणणं मात्र मला पटतं. दहा वर्षांच्या मुलाला नुसत्या जोत्यावर उभं केलं तर त्याला काय दिसणार? माझी मुलगी रायगडावर "आई, घर कुठाय?" असं विचारत होती. म्हणून तो व्हिडिओ मला हवाच आहे, फक्त गडाच्या पायथ्याला, पाचाडात. एक चांगलं दालन, मोठी प्रतिकृती, उत्खननात सापडलेली कौलं आणि भांडी. अभ्यासकांचं जिथे एकमत नाही तिथे तसं लिहिलेलं असावं. रोपवेलाही माझा विरोध नाही. गुडघे गेलेले बाबा त्यातूनच वर गेले आणि समाधीपुढे बसून रडले. त्यांना मी ते नाकारू शकत नाही.

पैसा आणि हात लागणार आहेत ते दुसरीकडे. कुमामोतोचा किल्ला 2016 च्या भूकंपात ढासळला. पडलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक दिला, जुन्या छायाचित्रांवरून त्याची जागा शोधली, आणि पूर्ण कामाची मुदत आता 2052 पर्यंत लांबवली आहे. माझी मुलगी तेव्हा चाळिशीला टेकलेली असेल. मधल्या काळात लोकांना काम बघता यावं म्हणून उंचावरून पायवाट बांधली आहे. आपल्याकडे एका गडावर मी नवा तट दोन पावसाळ्यांत सुटलेला पाहिला. चुन्याच्या जागी सिमेंट होतं. चुन्याचा घाणा चालवणारे, चिरा घडवणारे पाथरवट आता किती उरलेत? त्यांच्या हाताखाली वीस-तीस पोरं तयार करायला दहा वर्षं लागली तरी लागू देत.

दादा, एप्रिलमध्ये येतोयस ना? लिफ्टने वर नंतर जाऊ. आधी त्या मांडून ठेवलेल्या दगडांपाशी थांबू. तू स्वतः बघ, आणि मग आपण पुन्हा भांडू.