पडणं-पाडणं येणाऱ्या पोरीला लाय-ले का येऊ नये?

संताप येतो नुसता. पाठ करा म्हणे! लाय-ले-लेन, ले-लेड-लेड, लाय-लाइड-लाइड. भाचीच्या इंग्रजीच्या वहीत क्रियापदांच्या रूपांचा हाच तक्ता पानंच्या पानं उतरवून घेतलाय आणि खाली शेरा, 'नीट पाठ कर.' अर्थ कुठेच नाही, वापरून दाखवलेलं एक वाक्य नाही. सातवीतल्या पोरीने यातून समजून काय घ्यायचं?

अहो, 'पेला पडला' आणि 'पेला पाडला' यातला फरक तिला शाळेत जायच्या आधीपासून कळतो! पाडला कुणी, यावरून भावाशी कडाकडा भांडायची ती. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. एकात गोष्ट आपली आपण होते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतं. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. सूर्य उगवतो तेव्हा राइझ, हात वर करायचा तर रेझ. सिट म्हणजे बसणं, सेट मूळचं बसवणं. झाड पडलं तर फॉल, कुऱ्हाडीने पाडायचं तर फेल. तसंच लाय म्हणजे आडवं पडून असणं आणि ले म्हणजे आडवं ठेवणं. (लाय-लाइडमधलं लाय निराळं, ते खोटं बोलणं.) सेट, ले, फेल यांना फार पूर्वी प्रयोजक, म्हणजे 'करायला लावणं' दाखवणारा, प्रत्यय लागायचा, त्याने आधीचा स्वर बदलला, पुढे प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा उरला. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पाच!

त्यात लायचा भूतकाळही लेच होतो. ही गोची खरी, आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारेसुद्धा इथे सर्रास चुकतात. मग तेही सांगा ना मुलांना! चुकलं की वर्गासमोर उभं कशाला करता?

याच वर्गात मराठीच्या बाई फळ्यावर सकर्मक-अकर्मक लिहून जातात. पुढच्या तासाला इंग्रजीच्या बाई येतात आणि फळा पुसतात.

बॉरो-लेंडचं तेच. गाइडात दोन्हींपुढे 'उसने' छापून मोकळे! अरे, उसनं घेणं आणि उसनं देणं यात मराठी माणसाचा कधी घोळ झालाय का? ब्रिंग-टेक म्हणजे आणणं-नेणं. हिअर म्हणजे ऐकू येणं, लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. सी बहुतेक वेळा दिसणं, लुक म्हणजे बघणं. डू आणि मेक या दोन्हींना मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'करणे'च, तिथे मराठी फारशी कामाला येत नाही. ते खुशाल पाठ करून घ्या, माझी काही हरकत नाही.

'फर्ग्युसन कॉलेज वॉज फाउंड इन 1885' असं एखाद्याने लिहिलं की वर्ग फिदीफिदी हसतो. पण फाउंड हे फाइंडचं रूप, म्हणजे 'सापडलं', आणि स्थापन करण्याचं क्रियापद निराळं, त्याचं फाउंडेड होतं, हे हसण्याआधी कुणी सांगितलं होतं त्याला?

2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. एक अख्खी पिढी शिकून बाहेर पडली. तीच पोरं आज स्पर्धा परीक्षेच्या क्लासला हजारो रुपये भरून 'वाक्यातली चूक ओळखा'साठी पुन्हा लाय-ले-लेन घोकताहेत. याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

इंग्रजीच्या बाईंना भेटले. म्हणाल्या, "पोर्शन संपवायचाय हो ताई, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, असा शाळेचा नियमच आहे." त्यांच्यावर एकटीवर काय चिडायचं? पण हा नियम ज्यांनी केला त्यांना मला विचारायचंय, की पोरीने त्या तासाला विचार तरी कुठल्या भाषेत करायचा? मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देतेय. उत्तरही लेखीच हवंय.