परदेशात खातं उघडायचंय? मग तिथेच जन्म घ्या

परदेशात बँकेत खातं उघडायला निघालात? उत्तम. तुमची एकच चूक झालीय, ती म्हणजे तुम्ही तिथे जन्मला नाहीत. एवढं जमवलं असतंत, तर पुढचं वाचायची गरजच नव्हती.

सोबत पासपोर्ट आणि व्हिसा न्याच, पण त्यांच्यावर विसंबू नका. पासपोर्टने तुम्ही आहात एवढंच सिद्ध होतं. तुम्ही इथे आहात हे सिद्ध करायला वीजबिल लागतं. काउंटरपलीकडच्या बाईंना तुम्ही समोर उभे दिसताय, हा पुरावा ग्राह्य नाही. बिल तुमच्याच नावाचं आणि ताजं हवं. त्यासाठी घर भाड्याने घ्या. घरमालकाला अनामत स्थानिक खात्यातूनच हवी असते. पगार होऊ दे, मग देतो म्हणाल, तर पगार जमा करायला कंपनीला खाते क्रमांक हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण आपली. तिचा फॉर्म मात्र या लोकांनी छापला.

सही मन लावून करा. पासपोर्टवरची सही मी घाईत केली होती, शेवटच्या अक्षराची शेपटी वर गेलेली. काउंटरवर ती खाली गेली. बाईंनी पासपोर्ट आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही शेपट्यांवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता कोरा फॉर्म पुढे सरकवला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी जीभ बाहेर काढून पासपोर्टवरची सही बघून बघून गिरवली, म्हणजे एरवी ज्याला बनावट सही म्हणतात तशी. ती पास झाली.

बाईंवर चिडू नका. काळ्या पैशाला आळा घालायला जी-७ देशांनी १९८९ साली पॅरिसच्या परिषदेत एफएटीएफ नावाचं कृती दल नेमलं. आपला ग्राहक कोण, हे बँकेने नीट ओळखावं असा त्याचा आग्रह. बड्या चोरांकडे वकील, कंपन्या, वीजबिलं असा सगळा सरंजाम असतो, त्यामुळे त्यांची ओळख चटकन पटते. महिन्याचा पगार ठेवायला आलेले तुम्हीच काय ते संशयास्पद.

मग 'करदाते कुठले?' हा प्रश्न येईल. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१४ च्या सीआरएस व्यवस्थेमुळे परदेशी करदात्यांच्या खात्यांची माहिती देशोदेशींच्या करखात्यांकडे जाते, म्हणून तुमचा कर क्रमांकही लिहून द्या. अमेरिकी नागरिक असाल तर मात्र आवाज जरा खाली ठेवा. अमेरिकी ग्राहकांची माहिती न देणाऱ्या परदेशी बँकेला फॅटका या २०१० च्या अमेरिकी कायद्याखाली अमेरिकेतून येणाऱ्या रकमांवर ३० टक्के कपात सोसावी लागू शकते. म्हणून काही बँका तो पासपोर्ट दिसताच हात जोडतात. सगळीकडे मिरवायचा पासपोर्ट इथे खिशातच राहिलेला बरा, आणि तोही लपवता येत नाही.

जपानमध्ये असाल तर फक्त धीर धरा. तिथे येऊन सहा महिने होईपर्यंत पुष्कळ बँका दाद देत नाहीत. तोवर भाडं कसं भरायचं, हा तुमचा घरगुती प्रश्न.

युरोपीय संघात मात्र ताठ मानेने जा, कारण तिथे हा तुमचा हक्क आहे. २०१४ च्या निर्देशानुसार संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, अगदी कायमचा पत्ता नसलेल्यालाही, साधं खातं मिळायला हवं. निर्णयही अर्ज पूर्ण झाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत. 'पूर्ण' हा शब्द परत एकदा वाचा. अर्ज पूर्ण झाला की नाही, हे काउंटरवर ठरतं.

एवढं करून खातं उघडलंच, तर पेढे वाटायची घाई नको. कार्ड टपालाने येईल आणि पत्रपेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव असल्यामुळे परत जाईल. ते पुन्हा मागवायला ॲपमध्ये जा. ॲप सुरू करायचा कोड स्थानिक मोबाइल नंबरवर पाठवतात. नंबर घ्यायला मोबाइल कंपनीच्या दुकानात जा. तिथला पोरगा हसतमुख असतो. पासपोर्ट बघतो, भाडेकरार बघतो, आणि दरमहाचं बिल कापून घ्यायला तुमचा खाते क्रमांक विचारतो. तो आता तुमच्याकडे आहे, ऐटीत सांगा. मग तो म्हणेल, 'छान, आता फक्त कार्ड दाखवा.'